उत्तमकाका, ती नोंद हिवाळ्यातली होती

उत्तमकाका,

रविवारी विहारात, तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मी दोन मिनिटं बोलले आणि दोन्ही मिनिटं खोटं बोलले. "काकांनी आमच्या चळवळीला शेवटपर्यंत साथ दिली," असं म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. माईक खाली ठेवताना माझा हात थरथरला नाही, याचीच आता जास्त लाज वाटते. हाताला सवय आहे ना. क्रांती चौकात धरणं असो नाही तर गल्लीच्या तोंडावर सभा, उभं केलं की मी बोलते. तुम्ही म्हणायचात, "पुढारीण बाईला माईक दिला की पंखा लागत नाय. नुसता वारा सुटतो."

साथ तुम्ही दिलीत, ते खरं. मी तुम्हाला दिली नाही, हे न सांगताच मी खाली उतरले.

तुमचं गाव कुठलं, नोकरी किती वर्षं, मुलं किती, हे सगळं त्या दिवशी विहाराच्या अध्यक्षांनी कागदावरून वाचलं. मी ते परत लिहिणार नाही. मला एका भिंतीबद्दल लिहायचंय. आपल्या विहाराच्या अभ्यासिकेची दक्षिणेची भिंत. तिच्यावर माझ्या हट्टानं सोलर पॅनल लागली आणि तिच्यापायी तुमचं नाव खराब झालं. खराब झालं असं नाही, केलं. मी केलं. आम्हाला शिकवलंय की वाक्यात गुन्हेगार दिसला पाहिजे, 'झालं' लिहून त्याला पळू द्यायचं नाही. दुसऱ्यांबद्दल लिहिताना मी हा नियम फार कडक पाळते.

तुमच्याकडं मी पहिल्यांदा आले ती नववीत असताना, घरची बंद पडलेली इस्त्री घेऊन. तुम्ही वीज कंपनीत मीटर तपासायचं काम करायचात, पण गल्लीसाठी सगळंच करायचात. तुम्ही पेचकस माझ्याच हातात दिलात. "तुझी हाय ना इस्त्री? मग तूच उघड." त्या दिवशी एक गोष्ट सांगितलीत. करंट आहे का नाही हे माहीत नसेल त्या वस्तूला तळहात लावायचा नाही, उलटा हात लावायचा. झटक्यानं मूठ आवळते. तळहात असला तर माणूस जे धरलंय ते धरूनच बसतो, सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. पुढं मी जे केलं ते असंच धरून बसले होते. पण ते नंतर.

लोकांनी स्वतःची वीज स्वतः करावी, यासाठीच्या माझ्या पहिल्या पत्रकात मी 'रोज तीन किलोवॅट वीज' असं छापलं होतं. तुम्ही तो कागद घेऊन थेट आमच्या घरी आलात. चष्म्याची दोरी गळ्यात, डोक्यावर रुमाल.

"पुढारीण बाई, किलोवॅट रोज नसतो. किलोवॅट म्हंजी तोटी किती मोठी. युनिट म्हंजी हंडे किती भरले. तोटी चार इंची असंल अन् पाणी आठ दिवसांनी येत असंल, तर काय उपेग?"

आपल्या शहरात हे कुणाला दोनदा समजावून सांगावं लागत नाही. आई आतून म्हणाली, "भाऊजी, आमच्याकडं तर तोटीच हाय निस्ती." तुम्ही लई हसलात. मी हसले नाही. मला तेव्हाही चूक दाखवलेली आवडत नव्हती.

अभ्यासिकेचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं. चाळीस पोरंपोरी पोलीस भरतीचा, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत बसतात. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी वीज जाते आणि ती खोली भट्टी होते. सोलर आणि बॅटरी बसवली तर पंखे चालतील, एवढं साधं होतं. छतावर बसवता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण वर जुने पत्रे, खालचे अँगल गंजलेले. तुम्ही शिडीवरून डोकावून म्हणालात, "इथं पॅनल नाय, मांजर बी जपून चालंल." मग मी भिंतीचं काढलं. बाहेरच्या देशांत इमारतींच्या भिंतीवर उभी पॅनल लावतात, त्याचे फोटो मी मोबाइलवर दाखवले. तुम्ही ते लांब धरून बघितलेत.

"तिकडं सूर्य वाकून येतो, पोरी. भिंतीच्या तोंडावर ऊन मारतो. आपल्याकडं उन्हाळ्यात त्यो डोक्यावर चढून बसतो. भिंतीकडं बघत बी नाय."

"म्हणजे भिंतीवर होणारच नाही?"

"असं कुठं म्हणलो? व्हईल. छतापेक्षा कमी व्हईल. कोणती भिंत, कोणता महिना, दिवसाची कोणती वेळ, हे बघून व्हईल. भिंतीवर धूळ कमी बसती, ह्यो फायदाच हाय. आतली खोली बी जरा गार राहील. मोजून बघू की."

मला त्यातलं 'व्हईल' तेवढं ऐकू आलं.

डिसेंबरात वेल्डर रफिकभाईंनी एक पॅनल दक्षिणेच्या भिंतीला टांगून दिलं. तुम्ही रोज संध्याकाळी आकडा बघायचात आणि विहाराच्या फळ्यावर लिहायचात. सुविचार, लग्नाचं निमंत्रण, रक्तदान शिबिराची सूचना, आणि उजव्या कोपऱ्यात तुम्ही खडूनं आखलेला चौकोन: तारीख, युनिट. गल्लीला त्याचा नादच लागला. दूध आणायला निघालेल्या बाया थांबून विचारायच्या, "काका, आज किती?" तुम्ही म्हणायचात, "आज ढग व्हतं. पोट नाय भरलं त्याचं."

आकडे भारी होते. ते खोटे नव्हते, हे आधी सांगते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, दिवसभर त्या भिंतीच्या छातीवर ऊन असतं. तुमच्या चौकोनातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. खोटं मी केलं.

जानेवारीत पत्रक छापायचं ठरलं. तुम्ही मला एक ओळ लिहून दिलीत. मला ती पाठ आहे: 'ही नोंद हिवाळ्यातली आहे. उन्हाळ्यात दक्षिण भिंतीवर वीज निम्म्याखाली येऊ शकते, तरी बारा महिने मोजून मगच भिंत ठरवावी.' मी ती ओळ काढली. पत्रकात 'पण' नसतो, 'तरी' नसतो. चळवळीत पहिल्याच वर्षी हे शिकवतात. माणूस सिग्नल सुटेपर्यंत वाचतो. तिथं 'पण' आला की कागद खिशात आणि खिशातून गटारात. मी तुमच्या ओळीच्या जागी तीन शब्द टाकले: 'वर्षभर मोफत वीज'.

छापखान्याच्या दारातच तुम्ही वाचलंत.

"वर्ष कुठं झालंय अजून?"

"काका, हे पत्रक आहे. प्रयोगवही नाही."

"खोटं दोन्हीकडं खोटंच ऱ्हातंय की."

आणि मग मी ते वाक्य बोलले. छापखान्याच्या पोरांसमोर, आमच्या चार कार्यकर्त्यांसमोर. "तुम्ही जन्मभर कंपनीचं मीठ खाल्लं, म्हणून तुम्हाला लोकांची स्वतःची वीज बघवत नाही."

तुम्ही पत्रकाची घडी घातलीत, खिशात ठेवलीत. "खाल्लं व्हय मीठ. त्या मिठावरच मीटर शिकलो." एवढंच बोललात आणि सायकल काढलीत. त्या चार जणांनी माझ्या बोलण्यावर टाळ्या वाजवल्या नाहीत, पण ते वाक्य त्यांनी घरी नेलं.

आता भिंतीचं. तुमचं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं. पॅनल पश्चिमेच्या भिंतीला लावा. हिवाळ्यात आकडा छोटा दिसेल, पण उन्हाळ्यात दुपारनंतर, पोरं घामाघूम होतात तेव्हा, ऊन तिथंच असतं. आणि दक्षिणच हवी असेल तर भिंतीला चिकटवू नका, खिडकीवरच्या छज्ज्यासारखी पुढं काढून तिरकी लावा. डोक्यावरचा सूर्यही मग थोडा पदरात पडतो, शिवाय खिडकीला सावली.

मला पश्चिमेची भिंत नको होती. ती नाल्याकडं आहे. तिकडून शेळ्या जातात. दक्षिणेची भिंत रस्त्यावर आहे, तिकडून बस जातात. आठ निळ्या काचा सरळ उभ्या, खाली आमचं बॅनर, असा फोटो माझ्या डोक्यात पक्का होता. तिरकी लावली तर रस्त्यावरून काच दिसत नाही, पत्र्याची छपरी दिसते. हे कारण मी बैठकीत सांगितलं नाही. बैठकीत मी तुमच्याच फळ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "दक्षिणेला सगळ्यात जास्त ऊन. आकडे काकांचेच आहेत."

चाळीस पोरांच्या पंख्याची भिंत मी फोटोसाठी निवडली. सरकारनं असं काही केलं असतं तर मी त्यांच्या दारात आठ दिवस बसले असते.

रफिकभाई ड्रिल घेऊन उभे होते. म्हणाले, "उत्तमभाई बोलरे वो सुन लो, मॅडम. मैं तो लगा देतूं. कल निकालने कू भी मेरेकूच बुलाओगे."

तुम्ही खालून शिडी धरली होती. "लाव रे रफिक. तुझा धंदा दुप्पट झाला समज."

आणि मग सगळी वायरिंग तुम्हीच केलीत. प्रत्येक वायर पाइपातून, प्रत्येक टोकाला खूण, बॅटरीखाली लाकडी फळी. ज्या भिंतीला तुमचा विरोध होता तिच्यावर तुम्ही कुठं हात आखडता घेतला नाही. हरलेल्या माणसानं इतकं नेटकं काम करू नये, काका. जिंकलेल्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मार्चपर्यंत बरं चाललं. एप्रिलमध्ये चौकोनातला आकडा रोज थोडा थोडा खाली यायला लागला. बाया विचारायच्या, "काका, पॅनलचा उपास का?" तुम्ही खरंखरं सांगायचात, "सूर्य वर चढायलाय." कुणाला ते पटायचं नाही. बाहेर अंगाची लाही होतीय आणि हा माणूस सांगतो, भिंतीला ऊन कमी पडतंय.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस आला. पोरं विहाराच्या अंगणात बाटल्या उभ्या करून त्यांची सावली नाहीशी होताना बघत होती, ओरडत होती. तुम्ही मला भिंतीजवळ नेलंत.

"वर नको बघू. भिंतीकडं बघ."

मी बघितलं. ऊन आमच्या डोक्यावर होतं, पायाखालच्या फरशीवर होतं, समोरच्या रस्त्यावर डोळे दिपतील असं होतं. भिंतीवर नव्हतं. भिंतीच्या कडेनं सरळ खाली उतरत होतं. आठही काचा निस्तेज दिसत होत्या. तुम्ही उलटा हात एका काचेला लावलात.

"तापलंय लई. हे हवेनं तापलंय. अन् तापलं की पॅनल अजून कमी देतं. उद्यापासून सूर्य दुपारचा उत्तरेकडं सरकंल. मग भर बाराला ही भिंत सावलीत. जुलै सरेपर्यंत हेच."

"म्हणजे आता?"

"आता काय. भिंतीची चूक नाय, पॅनलची नाय. आपण चुकलो."

'आपण' म्हणालात. तुमचा त्यात काय संबंध होता? पण मी तो शब्द ऐकला आणि मला हायसं वाटलं. अर्ध्या मिनिटातच मी त्याचा फायदा घेतला.

"काका, हे फळ्यावर लिहू नका. आत्ता नको. पावसाळ्यानंतर बघू."

"मग काय लिहू? वाढवून?"

"नाही, नाही. काहीच लिहू नका."

"तारीख?"

"तारीखही नको."

मागं पोरं टाळ्या पिटत होती, त्यांच्या बाटल्यांची सावली गेली होती. मग तुम्ही फळ्याकडं गेलात आणि डोक्यावरच्या रुमालानं तो चौकोन पुसलात. का ऐकलंत माझं? ही गोष्ट मला तुम्हाला विचारायची होती. आता कुणाला विचारू?

पंखे त्याच आठवड्यात बंद पडायला लागले. दुपारी वीज गेली की बॅटरी अर्ध्या तासात मान टाकायची. जूनच्या सुरुवातीला बैठक झाली. पोलीस भरतीची तयारी करणारी आरती उभी राहिली. तिचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काका, आमच्या घामानं पुस्तकाची पानं भिजायलीत. तुम्ही मोजतो मोजतो म्हणायचे. कुठंय मोजलेलं?"

तिचा राग बरोबर होता, माणूस चुकीचा होता. अध्यक्ष म्हणाले, "मेपासून फळा कोरा आहे. नोंदच ठेवलेली नाही. वायरिंग कुणी केली? यांनीच." मागून कुणीतरी म्हणालं, "कंपनीचं मीठ खाल्लेला माणूस. त्याला काय पडलंय?"

माझंच वाक्य. फिरून फिरून विहारात आलं होतं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. जास्त वेळ नाही, माणूस घड्याळात बघतो तेवढंच. मी मान खाली घालून वहीत लिहीत होते. काय लिहीत होते सांगते. बैठकीची तारीख. तीनदा लिहिली. एक वाक्य बोलायचं होतं, 'फळा मी कोरा ठेवायला लावला.' एवढ्या लांब घोषणा देणारी मी, ही एवढीशी घोषणा माझ्या तोंडून निघाली नाही.

तुम्ही बॅटरीच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवलीत. "बॅटरीच्या पाण्याकडं तेवढं बघत जावा," म्हणालात आणि गेलात. अध्यक्षांनी बाहेरून वायरमन आणला. त्यानं दोन-चार जोड आवळले आणि दोष काही सापडत नाही म्हणाला. पण ते शेवटचं कुणी ऐकलं नाही. 'जोड आवळले' एवढंच गल्लीत फिरलं, म्हणजे जोड ढिले होते, म्हणजे उत्तमनं ढिले ठेवले होते.

जुलैत मी एकदा तुमच्या घरी आले, आठवतंय? काकूंनी चहा ठेवला. मी काहीतरी कारण काढलं होतं, टेस्टर पाहिजे म्हणून. तुम्ही म्हणालात, "पुढारीण बाईला पावसात बी घाम फुटलाय." मला वाटलं, आता विचारतील. तुम्ही विचारलं नाहीत. टेस्टर दिलात. मी चप्पल घालत असताना म्हणालात, "तुझं पत्रक चांगलं असतंय गं. तेवढी एक ओळ."

"पुढच्या वेळी टाकते, काका."

"टाक. माझ्यासाठी नाय. दुसरं कुणी गाव त्ये वाचून भिंत धरंल."

ऑगस्टमध्ये पत्रक परत छापलं. ओळ टाकली नाही. हिवाळ्याची ओळ टाकली तर लोक उन्हाळ्याचं विचारणार, उन्हाळ्याचं विचारलं तर पंखे का बंद पडले ते निघणार, ते निघालं की फळा कुणी कोरा केला ते निघणार. मी सगळा हिशोब केला होता. घाबरट माणूस किती बारकाईनं विचार करतो, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग ऑक्टोबर आला. सूर्य दक्षिणेकडं उतरला, भिंतीवर ऊन आलं, बॅटरी भरायला लागली. कुणी काही न करता. अध्यक्षांनी स्वतः फळ्यावर चौकोन आखला आणि आकडा लिहिला. पायरीवर बसलेली माणसं म्हणायला लागली, "बघा, ढग सरले अन् बाहेरच्या वायरमनचं काम दिसलं. त्यानं दोन तासांत केलं ते उत्तमला इतके महिने जमलं नाही." सूर्यानंच तुमच्यावरचा आरोप पक्का केला. गल्लीत दोनच माणसांना खरं माहीत होतं. त्यातला एक आकडा वाचून पुढं जायचा आणि दुसरी मी.

एका सकाळी तुम्ही फळ्यासमोर थांबलात. मी पायरीवर होते. उठून निघून जावं असं वाटत होतं. तुम्ही वळून म्हणालात, "वाढला ना? वाढणारच. डिसेंबरात अजून वाढंल बघ." तुम्हाला खरंच आनंद झाला होता. त्या आकड्यानं तुम्हाला चोर ठरवलं होतं आणि तुम्ही त्याच्याकडं वर्गात पहिल्या आलेल्या नातवाकडं बघावं तसं बघत होतात.

मी "हो ना, काका," म्हणाले. आपलं ते शेवटचं बोलणं. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. रात्री झोपेतच गेलात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्याच दिवशी फुलंब्रीहून फोन आला. तिथं एक निवृत्त शिक्षक, गायकवाड सर, गावातल्या पोरांसाठी वाचनालय चालवतात. "ताई, तुमचं पत्रक वाचून ठराव केला. पॅनल आलीत. बुधवारी लावतोय, तुम्हीच उद्घाटनाला या." मी मंगळवारीच बस धरली. वाचनालयाची दक्षिणेची भिंत. रस्त्याकडची. सहा भोकं पाडून झाली होती, खाली विटांचा लाल भुगा पडला होता.

"सर, काम थांबवा."

"का बरं?"

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. डिसेंबर, मे, डोक्यावरचा सूर्य, सगळं. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"मेमध्ये."

त्यांनी खिशातून माझं पत्रक काढलं, तळाची बारीक अक्षरं वाचली. "हे तर ऑगस्टचं आहे."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. भांडता येतं मला. ते नुसतं म्हणाले, "असं होय." मग पत्रक उलटून माझ्यापुढं धरलं: "छज्ज्यासारखं लावायचं म्हणत होते ना तुमचे काका? काढून दाखवा बरं." मी त्याच पत्रकाच्या पाठीवर काढलं. भिंत, खिडकी, वर तिरकी रेघ.

"किती तिरकं?"

"माहीत नाही."

"त्यांनी सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही."

"मग त्यांनाच घेऊन या की एक दिवस. आमची भिंत बघतील, जेवून जातील."

मी सांगितलं, ते वारले. सरांनी डोक्यावरची टोपी काढली. ज्या माणसाला त्यांनी कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी ते मिनिटभर उघड्या डोक्यानं उन्हात उभे राहिले, त्या सहा भोकांसमोर. आपल्या विहारात तुमच्या फोटोला हार घालताना मला रडू आलं नव्हतं. तिथं आलं.

परत आल्यावर मी हे सगळं लिहून काढलं आणि आज सकाळी काकूंकडं गेले. म्हटलं, आधी त्यांना वाचून दाखवावं. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. शून्य सावलीच्या दिवसापर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"पुरं. मला ठाऊक हाय ते."

"काय ठाऊक आहे, काकू?"

"समदं. फळा पुसून आले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. मी म्हणले, जाऊन सांगा बैठकीत. तर म्हणले, पोरगी भ्यालीय, सांगंल तिची ती. आपण सांगितलं तर ती परत कधी उभी ऱ्हायची नाय."

मी विचारलं, "मग रविवारी मी बोलत होते तेव्हा तुम्ही समोरच बसला होतात..."

"व्हय. बसले व्हते." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "वाट बघत व्हते. म्हणलं, आता सांगंल. आता सांगंल."

मी त्यांचे पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले.

"माझ्यापुढं रडून काय व्हणार? मला माहीतच हाय, त्यांना बी माहीत व्हतं. ज्यांना माहीत नाय त्यांच्यापुढं वाच. जा, उठ. मला तांदूळ निवडू दे."

काका, म्हणून हे पत्रच आता पत्रक. यात 'पण' आहेत, 'तरी' आहेत, सिग्नल सुटेपर्यंत वाचून होणार नाही. मी ते आज दुपारी गल्लीतल्या प्रत्येक दारात देणार आहे, आरतीच्या हातात, अध्यक्षांच्या हातात, रफिकभाईंच्या दुकानात. तळाला हेही छापलंय:

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात बैठक आहे. विषय एकच: मे महिन्यात पंखे का बंद पडले. उत्तर मी देणार आहे. उत्तमकाकांच्या घरच्या कुणाला काही बोलावं लागणार नाही, बोलायचं बाकी आहे ते माझं.

— प्रज्ञा